गूगल समर ऑफ कोड: पात्रता, प्रपोजल आणि कागदपत्रं

गूगल समर ऑफ कोड हा गूगलचा उपक्रम 2005 पासून सुरू आहे. यात निवड झालेले लोक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, प्रोजेक्टवर मेंटॉरच्या (मार्गदर्शकाच्या) मदतीने मानधन घेऊन काम करतात. अर्ज करणारे बरेच जण थेट प्रपोजल, म्हणजे कामाचा प्रस्ताव, लिहायला बसतात, आणि माझ्या मते गाडी तिथेच चुकते. निवड गूगल करत नाही. ज्या ओपन सोर्स संस्थेच्या प्रोजेक्टवर काम करायचं, तिचे मेंटॉर करतात. त्यांच्या ओळखीच्या माणसाचं पारडं साहजिकच जड असतं. ओळख म्हणजे वशिला नव्हे, अर्जाआधी तुम्ही तिथे केलेलं काम.

आधी पात्रता. नोंदणी करताना वय 18 पूर्ण हवं. 2021 पर्यंत फक्त विद्यार्थ्यांना प्रवेश होता. 2022 पासून ओपन सोर्समध्ये नवखे असलेले इतरही अर्ज करू शकतात. ज्या देशात राहून काम करणार, तिथे काम करायची कायदेशीर परवानगी लागते. दुसऱ्या देशात स्टुडंट व्हिसावर असाल तर हे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधीच विचारून घ्या, निवड झाल्यावर नको. अमेरिकेने निर्बंध घातलेल्या देशांतल्या रहिवाशांना भाग घेता येत नाही. आणि यापूर्वी दोनदा निवड झाली असेल तर तिसऱ्यांदा संधी नाही.

संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस येते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये, निकाल मे महिन्यात. यादी आल्यावर दहा संस्थांच्या मागे धावू नका, एक किंवा दोन पक्क्या करा. मग त्यांचा कोड आपल्या मशीनवर बिल्ड करून, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करून, बघा. यातच दोन-तीन दिवस जातात, आणि ते वाया जात नाहीत. बिल्ड अडकलं तर संस्थेच्या सार्वजनिक चॅनलवर विचारा. पण ‘मला इंटरेस्ट आहे, सुरुवात कुठून करू?’ या प्रश्नाला मेंटॉर काय उत्तर देणार? त्याऐवजी लिहा: ‘सूचनांप्रमाणे बिल्ड केलं, तिसऱ्या पायरीला ही एरर आली, लॉग सोबत जोडलाय, लायब्ररीची व्हर्जन बदलून पाहिली तरी तीच एरर.’ अशा प्रश्नाला उत्तर येतं, आणि विचारणाऱ्याचं नावही लक्षात राहतं.

त्यानंतर एखादा छोटा इश्यू, म्हणजे प्रोजेक्टमध्ये नोंदवलेली त्रुटी किंवा बाकी काम, घ्या. अर्धवट एरर मेसेज नीट करणं, कोड तपासणारी राहिलेली टेस्ट लिहिणं, एवढंही चालतं. पुल रिक्वेस्टवर (तुमचा बदल मूळ कोडमध्ये घ्या, अशी विनंती) रिव्ह्यूमध्ये पाच बदल सुचवले तर नाराज होऊ नका. ते पाचही बदल तुम्ही कसे करता, हेच मेंटॉर बघत असतात. ती रिक्वेस्ट मर्ज झाली, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेतला गेला, की प्रपोजलमध्ये तिची लिंक द्या.

प्रपोजल पीडीएफमध्ये अपलोड करायचं असतं. जास्तीत जास्त तीन देता येतात, निवड मात्र एकाचीच होते. संस्थेने टेम्प्लेट दिलं असेल तर तेच वापरा. प्रोजेक्ट साधारण 90, 175 किंवा 350 तासांचा असतो, त्या हिशेबाने आठवड्यागणिक आराखडा मांडा. ‘आठवडा 3 ते 6: कोडिंग’ असं लिहून भागत नाही, कोणतं मॉड्यूल, त्याच्या टेस्ट केव्हा, डॉक्युमेंटेशन केव्हा, हे दिसायला हवं. मधे परीक्षा येत असतील तर त्या तारखा स्पष्ट लिहा. मेंटॉर परीक्षेसाठी सवड देतात. न सांगता गायब होणाऱ्याला सांभाळून घेणं त्यांनाही अवघड जातं. मसुदा मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी मेंटॉरला दाखवा. मुदतीची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्या घड्याळाशी जुळवून घ्या. उशिरा आलेला अर्ज घेतलाच जात नाही.

चांगलं प्रपोजलही कधी राहून जातं, कारण प्रत्येक संस्थेला मर्यादित जागा मिळतात. तसं झालं तर काय कमी पडलं ते मेंटॉरला मोकळेपणाने विचारा आणि हातातला इश्यू पूर्ण करा. मर्ज झालेला कोड तुमच्याच नावावर राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.

निवड झाल्यावर कराशी संबंधित फॉर्म भरायचा आणि मानधनासाठी पेमेंट खातं जोडायचं. नाव सगळीकडे ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. स्पेलिंगमधल्या फरकाने पडताळणी अडकू शकते. मानधनाची रक्कम देशानुसार आणि प्रोजेक्टच्या आकारानुसार ठरते. ती दोन हप्त्यांत मिळते, मधल्या आणि शेवटच्या मूल्यमापनात पास झाल्यावर. मधल्या मूल्यमापनात नापास झालात तर प्रोग्रॅम तिथेच संपतो.