नवीन बोअरला डबल ऑइल? जेटचं गणित उलटं आहे

"बोअर नवीन आहे ना, मग टाकीत डबल टूटी ऑइल घाल, पिस्टन जॅम होणार नाही." नवीन बोअर म्हणजे पिस्टन सरकतो तो नवा सिलिंडर, आणि टूटी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्येच मिसळायचं वंगण. यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकच्या जमान्यापासून हा सल्ला गॅरेजांत फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच टिकलाय.

कार्ब्युरेटर पेट्रोल हवेत मिसळतो आणि त्यातला जेट म्हणजे नुसतं मापाचं छिद्र. आतून जाणाऱ्या द्रवात पेट्रोल किती नि ऑइल किती, हे त्याला कळत नाही. लिटरमागे २५ मिलीऐवजी ५० मिली ऑइल घातलं, की त्याच छिद्रातून पेट्रोल सुमारे २.४ टक्के कमी जातं. म्हणजे वंगण वाढलं, पण मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. आणि लीन मिश्रण इंजिन तापवतं. फरक छोटाच, मान्य. पण मोकळा सायलेन्सर लावलेलं किंवा क्रँक सीलमधून (क्रँकशाफ्टभोवतीच्या रबरी सीलमधून) हवा खाणारं इंजिन आधीच काठावर असतं.

शिवाय जादा ऑइलने प्लग काळा पडतो आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे असं वाटून लोक जेट आणखी लहान करतात! खरा घोटाळा इथे होतो.

सुरुवातीला मेन जेट एक नंबर मोठा ठेवा, सील तपासा. आणि गाडी तासन्‌तास एकाच थ्रॉटलवर रेंगाळत नेऊ नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसायला मधूनमधून थोडा लोड लागतोच.