अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल संघात नवी कोच आली, की अर्ज कसा करायचा : पात्रता आणि कागदपत्रं

मार्च सरत आला की अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल हंगाम संपतो आणि कोच बदलण्याचे दिवस सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा बारावीचे पेपर नुकतेच आटोपलेले असतात. जिला तिकडे स्कॉलरशिपवर खेळायचंय, तिला हे पाच-सहा आठवडे हातचे घालवून चालत नाही. फाइल मात्र त्याआधीच तयार हवी, कारण नव्या कोचकडे थांबायला वेळ नसतो.

कोच नेमण्याचं काम विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाकडे असतं. मुलाखती, पार्श्वभूमीची तपासणी, मग करार. अनेक सरकारी विद्यापीठांत त्या करारावर विश्वस्त मंडळाची मोहोरही लागते. कधी मदतनीस कोचलाच बढती मिळते. आयोवा विद्यापीठात २०२४ मध्ये मुख्य कोच लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या आणि त्यांच्याच सहकारी जॅन जेन्सन मुख्य कोच झाल्या. बाहेरून कोणी आलं तर ती कोच बहुधा आपले मदतनीस सोबत आणते. जुन्या खेळाडूंपैकी काही जणी बदलीच्या पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीत, नाव घालून निघून जातात. मुख्य कोच बदलल्यावर त्यासाठी त्यांना वेगळी मुदतही मिळते. मग पंधरा जणींच्या संघात एकदम पाच-सहा जागा रिकाम्या होऊ शकतात.

या जागा किती झपाट्याने भरतात ते लुइझियाना स्टेट विद्यापीठात दिसलं. २०२०-२१ मध्ये त्यांचा संघ ९ सामने जिंकला, १३ हरला. एप्रिल २०२१ मध्ये किम मल्की कोच म्हणून आल्या आणि पुढच्याच हंगामात २६ विजय, ६ पराभव. २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठातून एंजल रीस ही खेळाडू आली आणि २०२३ मध्ये आयोवाला १०२-८५ असं हरवून हा संघ राष्ट्रीय विजेता झाला. नव्या कोचला अशी तयार खेळाडू आधी हवी असते. म्हणून भारतातल्या मुलीने फक्त मोठ्या नावांच्या मागे लागू नये. कॉलेज खेळांची मुख्य संघटना एनसीएए आपली कॉलेजं तीन डिव्हिजनमध्ये विभागते, त्यात वन सगळ्यांत वरची. डिव्हिजन टू, एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आणि बारावीनंतरची दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं (आपली अकरावी-बारावीची नव्हेत) हे खरेखुरे रस्ते आहेत. भारताची खेळाडू कविता अकुला कॅन्ससमधल्या गार्डन सिटी कम्युनिटी कॉलेजमधूनच पुढे ग्रँड कॅनियन विद्यापीठाच्या डिव्हिजन वन संघात गेली. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावं.

आता पात्रता. डिव्हिजन वन आणि टूसाठी एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे ऑनलाइन नोंदणी करून प्रमाणपत्राचं खातं उघडावं लागतं. तिथे मिळणारा आयडी कोचला पाठवायचा. विद्यापीठाने तुमचं नाव आपल्या यादीत घातलं की पुढची छाननी होते. नववी ते बारावीत मिळून १६ मुख्य विषय-वर्षं (एक विषय एक वर्ष शिकलात की एक) मोजली जातात. डिव्हिजन वनला त्यात इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, समाजशास्त्र दोन वर्षं, आणि बाकीची या किंवा इतर मान्य विषयांची. या विषयांतल्या गुणांची सरासरी चारपैकी डिव्हिजन वनला किमान २.३, टूला २.२. दहावीनंतर गणित सोडायचा विचार असेल तर हा तक्ता समोर ठेवूनच शाखा निवडा. एनसीएए आता सॅट ही प्रवेशपरीक्षा मागत नाही, पण विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी सॅट किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मागू शकतं.

दुसरी अट हौशीपणाची. बक्षिसाची रोख रक्कम, एजंटशी करार, क्लबकडून मानधन हे सगळं अर्जात खरंखरं लिहावं लागतं. आपल्याकडे चांगल्या मुलीला रेल्वेची क्रीडा कोट्यातली नोकरी लवकर खुणावते. ती घेण्यात काहीच वावगं नाही, त्या नोकरीने कितीतरी घरं उभी राहिली आहेत. पण खेळण्याबद्दल पगार घेतला की अमेरिकेतली पात्रता अडचणीत येऊ शकते, म्हणून नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी घरात बसून ठरवा. बारावीनंतर वर्षाहून जास्त थांबून स्पर्धा खेळत राहिलात तर डिव्हिजन वनमध्ये एखादा हंगाम गमवावा लागू शकतो.

कागदांत मुली अडकतात त्या नावावर. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम निराळा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचं नावच नव्हतं, आणि दोन्ही कागद एकाच मुलीचे आहेत हे पटवण्यात तिचा अख्खा मे महिना गेला. अशी तफावत असेल तर आत्ताच प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं मंडळाची असतात, पण नववीची शाळेकडून आणि अकरावीची कनिष्ठ महाविद्यालयाकडून शिक्क्यासह मागून घ्यावी लागते. मराठीतला कागद असेल तर ओळीला ओळ असं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं.

कोचला पाठवायच्या ईमेलचा विषय एका नजरेत कळावा : बारावीचं वर्ष, मैदानावरची जागा (गार्ड की सेंटर), अनवाणी मोजलेली उंची, शहर. सोबत तीन-चार मिनिटांची क्लिप, सुरुवातीलाच जर्सीचा नंबर दाखवलेला, आणि किमान एक अख्खा सामना. नुसत्या टाकलेल्या बास्केटवर कोचचं भागत नाही. चेंडू हातून गेल्यावर मुलगी बचावाला किती जोरात परत धावते, हे तिला बघायचं असतं. दहावीतल्या मुलीला उत्तर आलं नाही तर खट्टू होऊ नका, त्या वयात खासगी उत्तर द्यायला डिव्हिजन वनच्या कोचला नियमानेच मनाई असते. आणि तुमच्याशी बोलणारी मदतनीस कोच नव्या नेमणुकीत बाहेर पडली, तर ती कुठे गेली ते शोधून तिथे लिहा. तिला तुमचा खेळ आठवत असतो.

फोनवरचं आश्वासन म्हणजे स्कॉलरशिप नव्हे. खेळाडूने सही करायचा नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे त्या विद्यापीठात येण्याचा करार, २०२४ मध्ये बंद झाला. आता विद्यापीठाचा लेखी आर्थिक मदतीचा करार लागतो. त्यात शिक्षणाची फी, राहणं, जेवण, पुस्तकं यांतलं काय आणि किती वर्षांसाठी आहे ते शब्द न् शब्द वाचा. करार विद्यापीठाशी असतो, कोचशी नव्हे. ती कोच उद्या दुसरीकडे गेली तरी आपली मुलगी त्या गावात, त्या अभ्यासक्रमात रमेल का, हे आईवडिलांनी सहीआधी विचारायला हवं.

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद पाठवतं. मग सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. स्कॉलरशिप अर्धी असेल तर उरलेल्या खर्चाचे बँकेचे कागद लागतात. जाहिरातींतून अमेरिकी खेळाडू कमावतात तशी मुभा विद्यार्थी व्हिसावर सरसकट नसते, म्हणून असा कुठलाही करार आला की आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात दाखवा. तिकडे वर्ग बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये सुरू होतात, तेव्हा आय-२० हातात पडला की त्याच दिवशी व्हिसाच्या तारखा बघायला बसा.