पाय अजून गरम आहेत

"पाय अजून गरम आसत. आणि तुमी म्हणतास गेलो?"

अतिदक्षता विभागाच्या दारात काकी डॉक्टरांना विचारत होती. कुडाळजवळचं आमचं गाव. चाळिशीतला तिचा मुलगा, रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झालेला. छाती वरखाली होत होती, मॉनिटरवर रेषा पळत होती. काकीचा प्रश्न अडाणी नव्हता. मरणोत्तर अवयवदानाचा कायदा याच प्रश्नाचं उत्तर द्यायला बघतो.

हृदयाला स्वतःची लय असते. प्राणवायू मिळत राहिला तर मेंदूच्या हुकमाशिवायही ते धडधडतं. श्वासाचं तसं नाही, तो मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा तळाचा भाग, चालवतो. हा भाग मेला की श्वास कायमचा जातो. व्हेंटिलेटर हवा भरतो म्हणून हृदय काही तास, कधी काही दिवस चालतं, अंग गरम राहतं. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने या अवस्थेला, म्हणजे मेंदूमृत्यूला, मृत्यू मानलं. त्यासाठी चार डॉक्टर, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. डोळ्याच्या बाहुलीवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापूस लावून बघतात, कानात थंड पाणी सोडतात. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून नुसता प्राणवायू देतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू देतात. मस्तिष्कस्तंभात जीव असेल तर छाती हललीच पाहिजे. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर या चौघांत नसतो. ही अट मला फार मोलाची वाटते.

खरी गाठ पुढे आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या अवयवदानाच्याच कायद्यात असल्यामुळे, घरचे नाही म्हणाले तर व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात. मग लोकांना वाटतं, "गेला" म्हणाले ते अवयवांसाठीच. केरळने २०२० मध्ये मेंदूमृत्यू ठरवण्याच्या सूचना काढल्या, दान होवो वा न होवो. मृत्यूचं निदान आणि दानाची विनंती अशी वेगळी झालीच पाहिजे.

माणसाने हयातीत कार्ड भरलेलं असलं तरी घरच्यांना विचारल्याशिवाय सहसा कुणी अवयव काढत नाही. आणि आमच्याकडे घरचे म्हणजे निम्मे मुंबईत. चाकरमानी रात्रभर प्रवास करून येणार, मग बोलणं होणार. होकार मिळाला तरी काढलेलं हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत सुरू व्हावं लागतं.

जिवंतपणी मूत्रपिंड देण्यात पेच वेगळा. जवळच्या नातेवाइकांच्या यादीत नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आणि २०११च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. सून नाही, मामा नाही, चुलतभाऊ नाही. त्यांना प्राधिकार समितीपुढे जावं लागतं, पैशांचा व्यवहार नाही ना, हे तिथे पाहतात. विक्रीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. पण बायकोवर घरातूनच दडपण आलं तर ते कुठल्या कागदावर दिसणार? ती समितीपुढेही "माझ्या मर्जीनं" असंच सांगते.

काकीने अवयवांना नकार दिला. तिला कुणी दोष दिला नाही, देऊही नये. दुसऱ्या रात्री हृदय थांबलं. तेव्हा तिनेच विचारलं, "डोळे तरी कोणाक उपयोगी पडतीत?" नेत्रदानाला मेंदूमृत्यू लागत नाही, हृदय थांबल्यावर सहा तासांच्या आत बुबुळं काढता येतात. परिचारिकेने पंखा बंद केला. काकीने त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली, पापण्या मिटल्या, त्यावर ओला कापूस ठेवला आणि नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत तो सुकू दिला नाही.