कार्यस्थळ सुरक्षा

कारखाना, बांधकाम, गोदाम, प्रयोगशाळा, कार्यालय अशा कोणत्याही कामाच्या जागी इजा, आजार व मृत्यू टळावेत म्हणून मालकाने केलेली व्यवस्था. व्याख्येत ‘मालकाने’ हा शब्द मुद्दाम आहे. यंत्र कोणते घ्यायचे, पाळी किती तासांची, माल किती काढायचा हे कामगार ठरवत नाही. तरीही अपघाताच्या अहवालात शेरा बहुधा कामगाराच्या हलगर्जीपणाचाच असतो. या समजाला मोठे बळ मिळाले ते हर्बर्ट हाइनरिख या अमेरिकी विमातज्ज्ञाच्या १९३१ मधील मांडणीने. ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, असे त्याचे म्हणणे होते. या आकड्याच्या आधाराबद्दल पुढे बरीच टीका झाली.

धोका आटोक्यात आणण्याच्या उपायांना एक उतरता क्रम आहे. आधी धोका मुळातूनच काढता येतो का ते पाहायचे, नाहीतर कमी घातक पर्याय आणायचा. तेही जमत नसेल तर यंत्राला गार्ड किंवा आवरण बसवायचे, मग कामाची पद्धत व नियम बदलायचे. हेल्मेट, हातमोजे, गॉगल यांचा नंबर सर्वांत शेवटी. उंचावरचा दिवा बदलायला शिडीवर चढणाऱ्याला पट्टा देता येतो. पण दिवाच दोरीने खाली उतरवता आला, तर चढायचे कारणच उरत नाही. गोंगाटाचेही तसेच. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबल ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात, आणि दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. कानात बोळे घाला म्हणण्याआधी यंत्राचे सैल झालेले पत्रे आवळलेले बरे. प्रत्यक्षात सुरुवात होते ती ‘सुरक्षितता प्रथम’च्या फलकाने, कारण तो सर्वांत स्वस्त.

दुरुस्तीच्या वेळचा धोका वेगळा. फिटर मिक्सरच्या पोटात उतरलेला असतो आणि पलीकडे कुणीतरी सहज बटण दाबतो. यावर ‘लॉकआउट-टॅगआउट’ ही पद्धत आहे. मेन स्विच बंद करून प्रत्येक जण त्यावर स्वतःचे कुलूप लावतो, नावाची पाटी अडकवतो आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवतो. चौघे काम करत असतील तर कुलपे चार. शेवटचे निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. नळीत कोंडलेली हवा, ताणलेली स्प्रिंग, अधांतरी राहिलेला भार यांचाही जोर आधी घालवावा लागतो, आणि हात घालण्यापूर्वी बटण दाबून यंत्र खरोखर मेले आहे याची खात्री करावी लागते. कुलपे स्वस्त असतात. महाग पडतो तो यंत्र बंद राहण्याचा वेळ, आणि तो देणे मालकाच्याच हाती असते. कुलपाचा उलटा उपयोगही इतिहासात आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातील आगीत १४६ जण मेले, तेव्हा बाहेर पडण्याच्या एका जिन्याचे दार कुलूपबंद होते.

थोडक्यात टळलेला प्रसंग, म्हणजे वरून पाना पडला पण कुणाला लागला नाही, हा फुकटात मिळालेला इशारा होय. तो सांगणाऱ्यालाच झापले, किंवा ‘अपघाताविना इतके दिवस’ या फलकावर बक्षीस ठेवले, की अशा नोंदी बंद होतात. अपघात मात्र होतच राहतात, फक्त बोटाला पट्टी बांधून कामगार गप्प बसतो. म्हणून तक्रार करणाऱ्याला अभय, कामगारांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणि तिने सांगितलेल्या दुरुस्तीची ठरलेली तारीख या तीन गोष्टी एकत्रच लागतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ नुसार सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये, तसेच जिवावरचे संकट समोर दिसत असताना काम सोडून बाजूला झालेल्या कामगाराला त्याबद्दल त्रास होता कामा नये. २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यपरिसराचा समावेश संघटनेने कामगारांच्या मूलभूत हक्कांत केला. व्यवस्थापनासाठी २०१८ पासून आयएसओ ४५००१ हे मानक आहे.

कंत्राटी व नवे कामगार या सगळ्या व्यवस्थेतून सहज सुटून जातात. जागा अनोळखी, यंत्र अनोळखी, आणि विचारायचे कुणाला हेही ठाऊक नसते. त्यांना पहिल्याच दिवशी त्यांना कळणाऱ्या भाषेत माहिती देऊन, बाहेर पडायचा रस्ता प्रत्यक्ष चालवून दाखवावा लागतो. कागदावर सही घेतली म्हणजे प्रशिक्षण झाले असे नव्हे.