लोपामुद्रा (स्त्रीनाम)

लोपामुद्रा : संस्कृतातून आलेले, मराठीत क्वचितच ठेवले जाणारे मुलीचे नाव. अगस्त्य ऋषींची पत्नी म्हणून पुराणे वाचणाऱ्यांना ते ओळखीचे असते. शाळेच्या हजेरीपटावर मात्र सहसा भेटत नाही. विदर्भाच्या राजकन्या म्हणून संस्कृत वाङ्मयात गाजलेल्या चौघी आहेत : रुक्मिणी, दमयंती, इंदुमती आणि लोपामुद्रा. रुक्मिणी रखमा, रखुमाई होऊन घरोघर पोचली. इंदुमती आणि दमयंती ही नावे आजी-पणजीच्या पिढीत सहज ऐकू येत. चौथी तेवढी ग्रंथातच राहिली, आणि नावाच्या वयाने पाहिले तर ऋग्वेदात सापडणारी ही चौघींत थोरली.

व्युत्पत्ती : नावात ‘लुप्’ धातू दिसतो, म्हणजे नाहीसे होणे, आणि मुद्रा, म्हणजे ठसा किंवा खूण. पण लोप आणि मुद्रा यांचा सरळ समास केला तर ‘लोपमुद्रा’ होईल. इथे ‘पा’ दीर्घ आहे. म्हणून जुन्या टीकाकारांनी ‘लोपा’ हा वेगळा स्त्रीलिंगी शब्द धरला आणि ‘इतर स्त्रियांचा रूपाचा गर्व लोपवणारी’ असा त्याचा अर्थ लावला. दुसरे स्पष्टीकरण तिच्या जन्मकथेवरून केले जाते. निरनिराळ्या प्राण्यांचे सुंदर अवयव घेऊन ती घडवली गेली, त्यामुळे त्या त्या प्राण्याची खास खूण तिच्यापुढे लोपली. हरिणीचे डोळे मग हरिणीचे म्हणून मिरवेनात. दोन्ही अर्थ ऐकायला गोड आहेत, पण नाव आधी आणि अर्थ मागून जुळवलेला, हे लपत नाही. महाभारत या फंदात पडतच नाही. द्विजांनी तिचे नाव लोपामुद्रा ठेवले, एवढेच सांगून ते पुढे जाते. नावांच्या पुस्तकांत ‘ज्ञानी’, ‘विदुषी’ असे अर्थ छापलेले आढळतात. ते व्यक्तीचे वर्णन झाले, शब्दाचा अर्थ नव्हे.

अमरकोशात अगस्त्याच्या नावांनंतर लगेच ‘लोपामुद्रा सधर्मिणी’ असा तिचा उल्लेख येतो. कौषीतकी आणि वरप्रदा अशी तिची आणखी दोन नावे संस्कृत कोशांत आहेत.

ऋग्वेदातील लोपामुद्रा : पहिल्या मंडलाचे 179 वे सूक्त हे अवघ्या सहा ऋचांचे संवादसूक्त असून त्याची देवता रती मानली आहे. परंपरेनुसार पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढच्या दोन अगस्त्याच्या आणि शेवटच्या दोन हा संवाद कानी पडलेल्या शिष्याच्या तोंडी आहेत. सुरुवात ती करते, तीही आडपडदा न ठेवता. कित्येक वर्षे रात्रंदिवस कष्टत आले, एकेक पहाट म्हातारपणाकडे नेते आहे, ‘मिनाति श्रियं जरिमा तनूनाम्’, जरा शरीराची शोभा हिरावून घेते. तेव्हा पतीने आता तरी पत्नीजवळ यावे, असे तिचे म्हणणे. सत्याने चालणारे जुने ऋषीसुद्धा यातून सुटले नव्हते, असा दाखलाही ती देते. तिचे नाव प्रत्यक्ष येते ते चौथ्या ऋचेत. तिथे नवरा ‘धीर’ आहे आणि ती ‘अधीरा’. मागणी पत्नीची, कबुली पतीची आणि शिष्य ओशाळलेला, असा हा प्रसंग. या ऋचांमुळे बृहद्देवता या ऋग्वेदातील देवतांविषयीच्या जुन्या ग्रंथात ब्रह्मवादिनींच्या, म्हणजे ऋचांच्या कर्त्या मानलेल्या स्त्रियांच्या, यादीत घोषा, अपाला, विश्ववारा यांच्याबरोबर तिचेही नाव आहे.

सूक्तात विदर्भाचा उल्लेख नाही. राजकन्या होणे, माहेर मिळणे हे सगळे नंतरचे.

महाभारतातील कथा : वनपर्वातील तीर्थयात्रेच्या भागात ही कथा येते. खड्ड्यात उलटे लोंबकळणारे पितर अगस्त्याला दिसतात. त्याला संतती झाल्याखेरीज त्यांची सुटका नसते. आपल्याजोगी पत्नी कुठे मिळेना, तेव्हा तो ती स्वतःच घडवतो आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाच्या घरी जन्माला घालतो. मुलगी उपवर झाल्यावर ऋषी मागणी घालायला हजर. राजाला ‘नाही’ म्हणवत नाही आणि जटाधारी जावई पसंतही नाही. शेवटी मुलगीच बापाला सांगते, की मला द्या आणि स्वतःला सांभाळा. लग्नानंतर पतीच्या सांगण्यावरून उंची वस्त्रे आणि दागिने उतरवून ती वल्कले नेसते.

खरी लोपामुद्रा दिसते ती यानंतर. गंगाद्वारी बराच काळ तप झाल्यावर अगस्त्य तिला जवळ बोलावतो, तेव्हा ती अट घालते : वडिलांच्या वाड्यात होता तसा पलंग हवा, अंगावर दागिने हवेत, आणि तुम्हीही माळा-अलंकार घालून या. तुझ्या बापासारखे धन माझ्याजवळ नाही, असे तो म्हणतो. तपाच्या बळावर क्षणात आणाल, असे तिचे उत्तर. त्याने तप खर्ची पडेल, ही त्याची अडचण. मग तप न झिजवता आणा, पण आणा. आणि तपस्वी निघतो द्रव्य मागायला. श्रुतर्वा, ब्रध्नश्व, त्रसदस्यू हे तिन्ही राजे त्याच्यापुढे राज्याचा जमाखर्च मांडतात. जमा आणि खर्च सारखाच भरतो, म्हणून तो त्यांच्याकडून काहीच घेत नाही. तिथून सगळे मिळून इल्वल दैत्याकडे जातात. अगस्त्याने इल्वलाचा भाऊ वातापी याला पचवल्याची गोष्ट महाराष्ट्रात लहान पोरांनाही ठाऊक असते. ती घडली बायकोच्या दागिन्यांपायी, हे सांगताना बहुधा गाळले जाते. पुढे हजार पुत्र हवेत की हजारांच्या तोडीचा एक, असे विचारल्यावर लोपामुद्रा एकच मागते. तो दृढस्यू; बापासाठी इंधनाचा भार वाहायचा म्हणून त्याला इध्मवाह असेही म्हणत.

उपासनेत आणि नदीरूपात : ललितासहस्रनामात देवीचे ‘लोपामुद्रार्चिता’ म्हणजे लोपामुद्रेने पूजिलेली असे एक नाव आहे. श्रीविद्येच्या, म्हणजे ललितादेवीच्या तांत्रिक उपासनेच्या, मंत्रपरंपरेत ‘क’पासून सुरू होणारी ती कादी आणि ‘ह’पासून सुरू होणारी ती हादी, यांतली हादी विद्या लोपामुद्रेच्या नावावर आहे. कर्नाटकातील कोडगूमध्ये ती थेट नदीच आहे. ब्रह्मदेवाची कन्या लोपामुद्रा कवेर मुनींकडे वाढली म्हणून कावेरी झाली, अगस्त्याने तिला कमंडलूत ठेवले आणि ती तिथून निसटून वाहू लागली, अशी तिथली कथा. तुळा संक्रांतीला, ऑक्टोबरच्या मध्यावर, तलकावेरीच्या कुंडातून पाणी उसळते तो क्षण पाहायला लोक गर्दी करतात.

प्रचार : हे नाव आज सर्वांत रुळलेले दिसते ते बंगाल आणि ओडिशात. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते पुष्कळांच्या कानावर असते. घरात त्याचे ‘लोपा’ होते. महाराष्ट्रात ते चर्चेत आले लोपामुद्रा राऊत या नागपूरच्या मॉडेलमुळे, म्हणजे कथेतल्या माहेरीच. पतीचे नाव ‘अगस्त्य’ अलीकडे शहरी आईबापांच्या पसंतीला उतरले आहे, पत्नीच्या नावाला मात्र ती हवा लागलेली नाही. याचे कारण शोधायला लांब जायला नको. मराठीत ‘लोप पावणे’ हा रोजचा वाक्प्रचार आहे, आणि बारशाला आत्याने बाळाच्या कानात सांगायच्या नावाची सुरुवातच ‘लोप’ने व्हावी, हे घरातल्या थोरांना रुचत नाही. शिवाय नाव चार अक्षरी आहे, आणि हाक तर दोन अक्षरांतच मारली जाते.

तरीही एका आडवाटेने ते घरात शिरते. जन्मनक्षत्रावरून नावाचे आद्याक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात भरणी नक्षत्राची चार चरणाक्षरे ली, लू, ले, लो अशी आहेत. चौथ्या चरणावर जन्मलेल्या मुलीला ‘लो’ येते आणि त्या अक्षराची नावे मोजकीच : लोचना, लोहिता, लोपा, लोपामुद्रा. पण नावरस नाव बहुतेक घरांत पत्रिकेपुरतेच असते. कागदावर लोपामुद्रा लिहून पाळण्यात नाव भलतेच ठेवतात.

ज्यांचे ते खरोखर ठेवले जाते, त्यांना लेखनाचा त्रास होतो. रोमन लिपीत ‘अ’ आणि ‘आ’ दोन्हींना एकच अक्षर असल्याने दाखल्यावरचे नाव पुन्हा देवनागरीत उतरवताना ‘पा’चा काना हमखास गळतो आणि ‘लोपमुद्रा’ उरते. लाडाने लोपा किंवा मुद्रा म्हणतात. यांतले ‘मुद्रा’ आता स्वतंत्र नाव म्हणूनही ठेवले जाते.