रॅमवरचे दोन आकडे: बत्तीसशे कशाचे आणि सीएल १६ कशाचा?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये रॅम (संगणकाची चालू कामाची मेमरी) मागितली की काउंटरवरून उलट प्रश्न येतो, ‘कितीची देऊ, बत्तीसशेची की छत्तीसशेची?’ हा झाला वेग. त्याच स्टिकरवर बारीक अक्षरात १६-२०-२०-३८ अशी आकड्यांची माळ असते. तिचा पहिला आकडा म्हणजे सीएल. तो सहसा कोणी विचारत नाही आणि खरी गोम तिथेच असते.

बत्तीसशे म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष खेपा. सगळे मेगाहर्ट्झ म्हणतात, पण घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचंच असतं. डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा देते. तेव्हा सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. एका खेपेत ८ बाइट जातात, म्हणजे एका चॅनलवरून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका रस्त्यावरून, सेकंदाला २५.६ जीबी.

सीएल सांगतो तो थांबण्याचा वेळ: मागणी गेल्यापासून पहिला डेटा निघेपर्यंत किती ठोके जातात. आकडा लहान तेवढा बरा, हे खरं. पण ठोका सगळ्या रॅमचा सारखा लांब नसतो. लहान पोराच्या अठरा विता आणि गड्याच्या सोळा विता, दोरी एकाच लांबीची भरू शकते. म्हणून सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाने भागायचं. उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल १६ चे १०. ३६०० सीएल १८ चेही १०. ३२०० सीएल २२ चे मात्र १३.७५. म्हणजे बत्तीसशेच्याच दोन रॅम, पण एक पावणेचार नॅनोसेकंद उशिरा उत्तर देणारी. डीडीआर५ या नव्या पिढीत ६००० सीएल ३० पुन्हा १० वर येते, तर ४८०० सीएल ४० ला सुमारे १६.७ लागतात, ती कसर ती जास्त डेटा वाहून भरून काढते.

केळीच्या आडतीत टॅली आणि एक्सेलच चालवायचं असेल तर या दोन्ही आकड्यांवर जादा पैसे घालू नका, १६ जीबी आणि चांगली एसएसडी घ्या. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील तर वेग कामाला येतो, आणि त्याहून जास्त कामाला येतात दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या): १६ ची एक नको, ८ च्या दोन. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर नॅनोसेकंदांचा हिशोब करून घ्या.

त्याआधी मदरबोर्ड बघा; एच६१०, बी५५० ही त्याच्या चिपसेटची नावं. डीडीआर४ च्या एच६१० बोर्डाची मर्यादा ३२००. छत्तीसशेची रॅम तिथे ३२०० वर किंवा त्याहून खालीच चालते. आय३-१०१०० प्रोसेसर आणि एच४१० बोर्ड असेल तर २६६६ च्या वर काही मिळत नाही. बी५५० वर रायझन ५ ५६०० असेल तर ३६०० सीएल १८ किंवा १६ उत्तम. रायझन ५ ७६०० चा अधिकृत आकडा ५२०० आहे, पण ६००० सीएल ३० ची जोडी त्याला चांगली मानवते. त्यावर चार स्टिक भरल्या तर अधिकृत वेग ३६०० वर उतरतो, म्हणून दोनच मोठ्या घ्या. जुन्या २६६६ शेजारी नवी ३२०० लावली तर दोघी २६६६ वर चालतात. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोघींना पिना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर दाबू नका.

रॅम बसवली म्हणजे छापलेला वेग मिळाला असं नाही. चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) जा, इंटेलवर एक्सएमपी, एएमडीवर एक्सपो किंवा डीओसीपी नावाचं, छापलेला वेग लावणारं प्रोफाइल सुरू करा, एफ१० ने सेव्ह करा. हे राहिलं तर छत्तीसशेची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २६६६ वर चालते आणि मालकाला पत्ताही नसतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं की खरा वेग दिसतो. डीडीआर५ पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. मेमरीची जुळवणी चाललेली असते, तेव्हा बटण दाबून बंद करू नका. बराच वेळ गेला तरी काहीच आलं नाही तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळ जागी आणा.

एक्सएमपीत डीडीआर४ ला १.२ ऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट मिळतात, रॅम जास्त तापते, आणि तापली की तिच्यातला विद्युतभार लवकर गळतो. जानेवारीत गुमान चालणारी मशीन मे महिन्यात, बाहेर पारा ४५ वर असताना, निळी स्क्रीन दाखवू लागली तर विंडोज पुन्हा टाकण्याआधी भर दुपारी मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा पूर्ण फेरा चालवा. चूक निघाली तर सीएल तोच ठेवून वेग ३६०० वरून ३४६६ करा आणि पुन्हा तपासा. तरीही चूक आली तर प्रोफाइल बंद करून बघा. तेव्हाही येत असेल तर स्टिकच खराब, वॉरंटीत बदलून घ्या.