बंद पाकीट आणि मेंदूचा आलेख

डोळे मिटून बंद पाकिटातील चित्र ओळखू पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावले, तर आलेखावर काही ना काही उमटणारच. डोळे मिटताच डोक्याच्या मागील भागात सेकंदाला साधारण 8 ते 13 आवर्तनांच्या अल्फा लहरी ठळक होतात, मनात चित्र उभे करण्याचा प्रयत्न सुरू झाला की त्या बहुधा क्षीण होतात, आणि नुसती पापणी लवली तरी मायक्रोव्होल्टमध्ये मोजाव्या लागणाऱ्या या लहरींपेक्षा कितीतरी मोठा झटका कागदावर दिसतो. यांपैकी एकाही बदलाचा पाकिटातील चित्राशी संबंध असावा लागत नाही. अतींद्रिय दृष्टीच्या प्रयोगांत मेंदूचे मोजमाप करताना येणारी मुख्य अडचण हीच आहे, कारण यंत्र प्रयत्न टिपते आणि आपल्याला हवी असते ती माहिती मिळाल्याची खूण.

वास्तविक ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा असा आलेख काढण्याच्या पद्धतीच्या, जन्मामागेच अशी एक जिज्ञासा होती. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर तरुणपणी लष्करी सेवेत असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याखाली सापडता सापडता वाचला. त्याच दिवशी, दूर असलेल्या बहिणीला आपल्या भावावर काही संकट आल्याचे वाटले, म्हणून वडिलांनी त्याच्या खुशालीची चौकशी करणारी तार पाठवली. हा विचारसंक्रमणाचाच प्रकार आहे, असे बर्गरने मानले आणि मानसिक ऊर्जेचा भौतिक मागोवा घेणे हे आपले काम ठरवले. येना येथे 1924 मध्ये त्याने माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी पहिल्यांदा नोंदवल्या आणि 1929 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण कवटी ओलांडतानाच या लहरी इतक्या दुबळ्या होतात, की त्या दुसऱ्या गावातील माणसापर्यंत पोहोचतील अशी आशा बाळगता येत नाही. अपस्माराच्या निदानाला मात्र या शोधाचा मोठाच आधार मिळाला.

ड्युएन आणि बेहरेंट या संशोधकांनी 1965 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एकसारख्या जुळ्यांवरचा एक प्रयोग मांडला. जुळ्यांपैकी एकाने डोळे मिटून अल्फा लहरी निर्माण केल्या, तेव्हा दुसऱ्या खोलीत बसलेल्या भावंडाच्या आलेखातही तशाच लहरी दिसल्या, असे त्यांचे म्हणणे होते. तपासलेल्या 15 जोड्यांपैकी हे घडले होते केवळ 2 जोड्यांत, आणि निकालाला संख्याशास्त्रीय विश्लेषणाची जोड नव्हती. अल्फा लहरी आपोआपही येतात आणि जातात. त्यामुळे दोन आलेख शेजारी ठेवून डोळ्यांनी जुळणी शोधू लागले, की ती कुठे ना कुठे सापडतेच.

ईईजीच्या जागी एफएमआरआय आले, तरी हा धोका टळला नाही, उलट वाढला. हे यंत्र रक्तातील ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूच्या कोणत्या भागात हालचाल वाढली याचा अंदाज घेते आणि त्यासाठी मेंदूचे हजारो छोटे घनाकार भाग पाडते. प्रत्येक भागाची स्वतंत्र चाचणी घेतली, तर निव्वळ योगायोगानेच काही भाग ‘सक्रिय’ ठरतात. क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे दाखवण्यासाठी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. अनेक चाचण्यांमुळे आवश्यक ठरणारी संख्याशास्त्रीय दुरुस्ती न करता केलेल्या विश्लेषणात त्या मृत माशाच्या मेंदूतही क्रियाशीलता आढळली! 2012 मध्ये या कामाला इग्नोबेल हा, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचा पुरस्कार मिळाला. अतींद्रिय शक्तीच्या पुराव्यादाखल कोणी मेंदूचे रंगीत चित्र पुढे केले, तर मी प्रथम ही दुरुस्ती केली आहे का, हेच विचारीन.

म्हणून मेंदू ‘उजळतो’ का, हा प्रश्नच निरर्थक आहे. लक्ष्य असलेल्या आणि नसलेल्या चित्रांना मेंदू वेगवेगळा प्रतिसाद देतो का, हे विचारायला हवे. शिवाय कोणते चित्र लक्ष्य ठरणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरले पाहिजे आणि प्रयोगकर्त्याच्या चेहऱ्यावरून किंवा चित्रांच्या क्रमावरून त्याचा सुगावाही लागता कामा नये. हार्वर्ड विद्यापीठातील सॅम्युएल मोल्टन आणि स्टीफन कॉसलिन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या कसोटीवर बेतलेला होता. त्यातील एक जण यंत्रात पडून दोन चित्रे पाही आणि त्यांतील लक्ष्य कोणते ते सांगे. तेच लक्ष्यचित्र दुसऱ्या ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर दिसत असे, तेथे बसलेली जवळची व्यक्ती (काही वेळा तर सख्खे जुळे भावंड) ते मनाने पाठवण्याचा प्रयत्न करी, आणि नंतर ते यंत्रातील माणसालाही दाखवले जाई. अशा रीतीने दूरदृष्टी, विचारसंक्रमण आणि भविष्यज्ञान या तिन्ही दाव्यांना एकाच वेळी संधी दिलेली होती.

मेंदू परिचित गोष्टीला अपरिचित गोष्टीपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो, आणि हे माणसाच्या स्वतःच्या लक्षात आले नाही तरीही घडू शकते, अशी या रचनेमागची भूमिका होती. त्यामुळे तोंडी उत्तर चुकले, तरी आत कुठे माहिती पोहोचली असेल तर ती दिसण्यास वाव होता. प्रत्यक्षात अंदाज निम्मे बरोबर आणि निम्मे चूक निघाले, तर लक्ष्यचित्रे व इतर चित्रे यांना मेंदूने दिलेल्या प्रतिसादांत फरक आढळला नाही. यंत्रच बोथट होते, असा आक्षेप येथे टिकत नाही, कारण त्याच चित्रांपैकी भावना चाळवणारी कोणती आणि साधी कोणती, हा फरक त्याच मेंदूंमध्ये अपेक्षेप्रमाणे नोंदला गेला होता.